झाडावरची टॅरंटुला सारखी खाली येऊन बसते? नागपूरच्या हवेत तिचं घर असं तपासा

तक्रार ठरलेली असते. एप्रिल लागला की फोन सुरू होतात: "दादा, माझी ॲव्हिक्युलेरिया पाण्याच्या वाटीपाशी बसून राहिली, वर जाऊनच नाही राहिली." ॲव्हिक्युलेरिया म्हणजे झाडावर राहणाऱ्या टॅरंटुलाची, मोठ्या केसाळ कोळ्याची, एक जात. जुलैत त्याच लोकांचे फोटो येतात. काचेला आतून थेंब, आत ठेवलेल्या झाडाच्या सालीवर पांढरी बुरशी आणि टॅरंटुला झाकणाच्या जाळीला चिकटलेली. मधल्या काळात कोणी माती बदललेली असते, कोणी खाद्य बदललेलं असतं, एखाद्याने तर हीट पॅडही लावून पाहिलेला असतो. नागपुरात, एप्रिलमध्ये! पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: घराची हवा. आपण डबा घेतो तो परदेशातले व्हिडिओ पाहून. तिथे खोली बारा महिने साधारण एकाच तापमानाला असते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली जाते आणि जुलै-ऑगस्टमध्ये तीच नव्वदीला टेकते. म्हणजे एकाच घराला दोन उलट कामं करायची असतात. ज्याची हवा हवी तेव्हा कमी-जास्त करता येते असा डबा निवडला की निम्म्याहून जास्त त्रास मिटतो. आकार, किंमत, आतली सजावट हे सगळं त्यानंतर.

आधी हे वगळून घ्या

खाली बसलेली प्रत्येक टॅरंटुला आजारी नसते. नवीन आणली असेल तर आठवडा-दोन आठवडे ती कुठेही बसते, सोडून द्या. खाणं बंद केलं असेल, पोट टम्म आणि काळपट दिसत असेल, जाळ्याची नळी दोन्ही तोंडांनी बंद करून आत बसली असेल, तर ती कात टाकायच्या तयारीत आहे. डब्याला हातही लावू नका. आणि तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांच्या टोकाला बोंडं आल्यासारखी दिसत असतील तर तो वयात आलेला नर आहे. तो मादी शोधत रात्रभर चकरा मारणारच, कुठलंही घर आणून दिलं तरी.

यापैकी काही नसेल तर पोट बघा. सुरकुतलेलं, लहान झालेलं पोट म्हणजे पाणी कमी पडतंय. पाय पोटाखाली आखडून घेतले असतील तर हे पुढचं सगळं नंतर वाचा, आधी उथळ वाटीत स्वच्छ पाणी भरा, ती वाटी तिच्या तोंडापाशी येईल अशी ठेवा आणि खोली थंड करा. ओल्या टिश्यू पेपरच्या बंद डबीत कोंडायचा जुना उपाय अजून सांगितला जातो. झाडावरच्या जातींना कोंदट हवाच सोसत नाही, त्यामुळे तो करू नका.

पोट गोल आहे, कातही नाही, तरीही खाली? मग डबा तपासायचा.

हवा कुठून येते आणि कुठून जाते

बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारे डबे साधारण दोन प्रकारचे. एक, काचेचं टेरेरियम, वर पूर्ण जाळीचं झाकण. दुसरा, अॅक्रिलिकचा किंवा प्लास्टिकचा डबा, वर किंवा एका बाजूला चार-सहा भोकं.

जाळीच्या झाकणातून एप्रिलमध्ये ओलावा टिकत नाही. सकाळी तळाला मातीसारखं पसरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओलं केलं तर दुपारच्या जेवणापर्यंत वरचा थर भुरभुरीत होतो. थोडाफार ओलसरपणा उरतो तो तळाला, म्हणून टॅरंटुला तळाला येते. यात तिचं काही चुकत नाही, तिला जिथे बरं वाटतं तिथे ती गेलेली असते. मालक मग दिवसातून तीनदा फवारा मारतो, कोकोपीटचा खालचा थर चिखल होतो आणि वरचा कोरडाच राहतो. जून मध्यावर पाऊस आला की त्या चिखलाला वास सुटतो.

दुसऱ्या प्रकारात उलटं होतं. भोकं फक्त वर असली तर तळाची ओली हवा हलतच नाही. पावसाळ्यात बाहेरची हवा आधीच ओली असते, आतल्या भिंतींवर थेंब धरतात, सालीच्या खालच्या टोकाला कापसासारखी बुरशी येते. खायला टाकलेल्या रातकिड्याचा एखादा पाय किंवा मीलवर्म अळीचं कवच कोपऱ्यात पडलं असेल तर चार दिवसांत त्यावर पांढरे बारीक ठिपके चालताना दिसतात. ते माइट्स. कोंडलेल्या ओल्या हवेत झाडावरच्या टॅरंटुला, विशेषतः ॲव्हिक्युलेरिया आणि कॅरिबेना जातींची पिल्लं, एकाएकी मरतात. कोरडेपणापेक्षा कोंदटपणा जास्त घातक, हे या छंदातल्या लोकांनी पिल्लं गमावून शिकलेलं आहे. आर्द्रतेचा आकडा गाठायच्या नादात भोकं बुजवणं म्हणूनच महागात पडतं.

उपाय आरपार हवेचा. एका बाजूला मातीच्या थराच्या जरा वर भोकांची ओळ, समोरच्या बाजूला वरच्या भागात दुसरी. खालून कोरडी हवा शिरते, मातीवरचा ओलावा घेऊन वरून निघते. भोकं दीड ते दोन मिलिमीटरची ठेवा. टॅरंटुलाचं डोकं आणि छाती मिळून जे कडक कवच असतं ते जिथून जाईल तिथून ती पूर्ण जाते, पोट दबतं. पिल्लासाठी मोजताना हे लक्षात असू द्या, कारण नखाएवढं पिल्लू तीन मिलिमीटरच्या भोकातून रात्रीत पसार होतं.

आता ऋतूचा भाग. मार्चअखेरीला वरच्या ओळीतली अर्ध्याहून जास्त भोकं झाकायची आणि पहिला दमदार पाऊस झाला की सगळी उघडायची. झाकायला थेट सेलोटेप लावू नका. भोकाच्या आतून टेपची चिकट बाजू उघडी राहते आणि पिल्लाचा पाय त्याला लागला की सुटत नाही, शिवाय मेच्या उन्हाने टेपचा गोंद वितळून घसरतो. जाड पारदर्शक प्लास्टिकची पट्टी कापा, ती भोकांवर ठेवा आणि टेप फक्त पट्टीच्या कडांना, डब्याच्या बाहेरून. पट्टी सरकवली की किती भोकं उघडी ठेवायची ते आपल्या हातात राहतं.

जाळीचं झाकण असेल तर तीन-चतुर्थांश भागावर अॅक्रिलिकचा तुकडा ठेवून काम भागतं. पण एक धोका तरीही उरतो. टॅरंटुलाच्या पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात, त्या धातूच्या जाळीत अडकतात आणि ती उलटी लटकून राहते. सोडवायच्या धडपडीत पाय तुटतो. माझ्या मते झाडावरच्या टॅरंटुलाला जाळीचं झाकण नकोच, जाळी काढून भोकांची अॅक्रिलिक शीट बसवून घ्या. मच्छरदाणीची नायलॉन जाळी हा तर पर्यायच नाही, ती दातांनी फाडते.

आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर किती विश्वास

आर्द्रता मोजायची ती छोटी गोल डिजिटल यंत्रं बरीच चुकतात. मे २०२४च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बातमी झाली आणि मग हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सरकारी यंत्राचं असं होतं, तर आपल्या डब्यातल्या स्वस्त यंत्राचं काय घेऊन बसलात.

तपासणं सोपं आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, पाण्याचे काही थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा, पाणी वर तरंगायला नको. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. यंत्र ६६ दाखवत असेल तर ते नऊने कमी दाखवतं, एवढं चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवा.

खरं सांगायचं तर मी आकड्यापेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतो. दार उघडल्यावर ओल्या मातीचा वास आला तर ठीक. आंबूस वास आला की हवा अडली, मग आकडा काही का असेना. आणि फवारा मारल्यावर भिंतीवरचे थेंब संध्याकाळपर्यंत वाळायला हवेत. दुसऱ्या दिवशी सकाळीही थेंब असतील तर भोकं कमी आहेत.

मेमधली गर्मी

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण नागपुरात टॅरंटुला मरतात त्या बहुतेक याच महिन्यात. २३ मे २०१३ला शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. तेवढं रोज होत नसलं तरी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, ४५ ही नेहमीची गोष्ट. झाडावरच्या बहुतेक जातींना २४ ते २८ अंश आवडतं, तिशी-बत्तिशी त्या निभावून नेतात. खोली पस्तिशीच्या वर तासन् तास राहिली की मात्र खरी काळजी.

झाडावरची आहे म्हणून लोक डबा कपाटावर ठेवतात. वरच्या मजल्याच्या घरात तिथेच स्लॅबची आग सगळ्यात जास्त असते आणि स्लॅब दुपारी तापून मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. खालच्या फळीवर आणि वरच्या फळीवर एकेक थर्मामीटर ठेवून संध्याकाळी सातला बघा, फरक दिसेल. उन्हाळ्यात डबा खालच्या फळीवर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, शक्यतो तळमजल्याच्या आतल्या खोलीत. तिला उंची हवी असते ती डब्याच्या आत. डबा घरात किती उंचावर आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

कूलर असलेल्या खोलीत अर्धं काम फुकट होतं. बाहेरच्या कोरड्या हवेमुळेच आपल्याकडे कूलर एवढा चालतो, तो खोलीची आर्द्रताही वाढवतो. त्या खोलीत डबा असेल तर भोकं जास्त झाकू नका. डबा कूलरच्या थेट झोतात नको, सततच्या वाऱ्याने ती जाळ्यातून बाहेरच येत नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी फवाऱ्याला वापरू नका, डासांसाठी त्यात औषध किंवा फिनाइल टाकलेलं असू शकतं. आणि आपण कामावर गेल्यावर कूलर बंद असतो, हे विसरलं जातं. दुपारी एक ते पाच, नेमका तेव्हाच डबा भट्टीत.

त्या तासांसाठी माठाची युक्ती चालते. मातीची मोठी परात घ्या, त्यात दोन बोटं वाळू भरा, वाळू पाण्याने भिजवा आणि मधे एक वीट ठेवून तिच्यावर डबा. भोवती ओलं पोतं लांबूनच, भोकं मोकळी राहतील असं. हवा कोरडी असताना बाष्पीभवन जोरात होतं आणि डब्याभोवतीची हवा काही अंशांनी उतरते. खोलीला थोडा वारा हवा, नाहीतर उपयोग नाही. पावसाळ्यात हीच युक्ती कुचकामी, तेव्हा परात उचलून ठेवा.

मुंग्या मात्र ओलाव्याला येतात, आणि कात टाकून मऊ पडलेल्या टॅरंटुलाला लाल मुंग्या जिवंत सोडत नाहीत. जुन्या घरात दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तेच इथे करा. स्टँडचे चारही पाय वाट्यांत. लक्ष्मणरेषेचा खडू किंवा पावडर वापरू नका, ती टॅरंटुलालाही मारते.

हिवाळ्याबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०१८मध्ये पारा ३.५पर्यंत उतरला होता, पण घराच्या आत एवढी थंडी पडत नाही. रात्री डबा लाकडी कपाटात किंवा झाकण किलकिलं ठेवलेल्या थर्माकोलच्या पेटीत ठेवला की झालं. हीट पॅड, बल्ब काही नको. खाणं कमी होईल, होऊ द्या.

घर घेताना: माप आणि दार

मोठ्या टॅरंटुलासाठी २० बाय २० सेंटीमीटर तळ आणि ३० सेंटीमीटर उंची हे सोयीचं माप. पाय पसरून ती जेवढी होते त्याच्या किमान दुप्पट-अडीचपट उंची मिळायला हवी. यापेक्षा खूप मोठं घर घेऊन फायदा नाही, तिला खाद्य सापडत नाही आणि तुम्हाला ती. दोन-तीन सेंटीमीटरच्या पिल्लाला पाच-सहा सेंटीमीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच डबी पुरते. इतवारी बाजारात मिळणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या बरण्यांतून अशी एखादी निवडता येते.

दाराचा प्रश्न मात्र चुकवता येत नाही. वरून उघडणारं झाकण असेल तर ती जाळं झाकणालाच बांधते. मग दर वेळी पाणी बदलताना तिचं छप्पर फाटतं, ती घाबरून झाकणाला धरून बाहेर येते किंवा खाली पडते. तीन-चार वेळा छप्पर उडालं की ती वर घर बांधणं सोडते आणि तळाच्या कोपऱ्यात बसते. "वर जाऊनच नाही राहिली" याचं हे दुसरं मोठं कारण, आणि ते उन्हाळ्याशी संबंधित नाही. पिल्लांच्या बरणीत वरच्या पानांचा गुच्छ झाकणापासून दोन-तीन बोटं खाली ठेवला तर जाळं तिथे अडतं. मोठीला समोरून उघडणारंच दार द्या, आणि दाराची खालची कड मातीच्या थराच्या वर राहू द्या, नाहीतर दर वेळी कोकोपीट फटीत सांडून दार नीट बसत नाही.

चुंबकाच्या दाराचे अॅक्रिलिक डबे दिसायला छान असतात, पण मोठी टॅरंटुला ढकलून ते उघडू शकते. बाहेरून एक क्लिप लावा.

बनवून घ्यायचा असेल तर साइनबोर्ड तयार करणाऱ्यांकडे लेझर कटिंगचं मशीन असतं, माप आणि भोकांचा नकाशा दिला की ते कापून देतात. तीन मिलिमीटरची शीट पावसाळ्यात आतल्या ओलाव्याने वाकते आणि दाराला फट पडते, म्हणून पाचची सांगा. शीट जोडायला बरेच जण क्लोरोफॉर्म वापरतात. डबा दार उघडं ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, वाऱ्यावर ठेवा. सिलिकॉन लावलं असेल तर त्याचाही आंबट वास गेला पाहिजे.

आत काय

कॉर्कची साल आपल्याकडे सहज मिळत नाही, मागवावी लागते. ती मिळाली तर उत्तम, कारण ती सहसा बुरसत नाही. नाहीतर बाभळीची वाळलेली जाड साल, किंवा उभा चिरलेला बांबू. बांबू ओल्या मातीत टेकला की आतून काळा पडतो, म्हणून त्याच्या खाली चपटा दगड. साल आणली की उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात दोन-चार दिवस, या कामाला तरी आपलं ऊन कामी येतं. कडुनिंबाचं लाकूड, निलगिरी, देवदार यातलं काही नको. कडुनिंब कीटकांना मारतो म्हणूनच आपण धान्यात त्याचा पाला घालतो.

साल तिरपी उभी करा, तळापासून वरच्या तिसऱ्या भागापर्यंत, मागच्या भिंतीशी थोडी पोकळी सोडून. वरच्या टोकाला प्लास्टिकच्या मनीप्लांटची पानं बांधली की जाळं बांधायला आधार मिळतो. ॲव्हिक्युलेरिया पानांत राहते. पोसिलोथेरिया आणि साल्मोपियस या झाडावरच्याच दुसऱ्या जातींना सालीची नळी आवडते, आणि त्यांची पिल्लं मातीत उकरतात, म्हणून त्यांना कोकोपीट सात-आठ सेंटीमीटर, ॲव्हिक्युलेरियाला पाच पुरे. कोकोपीट संपूर्ण ओलं करू नका, एका कोपऱ्यात पाणी सोडा. पाण्याची वाटी बारा महिने भरलेली हवी.

डबा बरोबर आहे, तरी बिघडतंय?

मग खोलीत काय लावता ते बघा. डास पळवायची लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे यांतली पायरेथ्रॉइड औषधं कोळ्यांनाही मारतात. पाय थरथरणं, चालताना तोल जाणं ही लक्षणं त्याची. पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धुराची गाडी येते, आवाज ऐकला की खिडक्या बंद करा. घरातलं झुरळ पकडून खायला घालू नका, त्याने शेजाऱ्याकडचं झुरळं मारायचं जेल खाल्लेलं असू शकतं. आणि डबा स्पीकरवर किंवा वॉशिंग मशीनजवळ नको. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी रस्त्यावर डीजे असेल तर महाल भागातल्या मित्रांनी डबा आतल्या खोलीत न्यावा. थट्टा नाही, हादऱ्याने ती दिवसभर नळीतून बाहेर येत नाही.

जातीबद्दल एक गोष्ट. पोसिलोथेरिया आपल्या देशातली आहे, गुटीची निळी टॅरंटुला आंध्रातली आणि अतिसंकटग्रस्त. हा पूर्ण वंश २०१९पासून साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. झाडाच्या ढोलीतून पकडलेला प्राणी कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. साइटिसच्या यादीतले विदेशी प्राणी पाळणाऱ्यांना २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, घेण्याआधी कागद मागा. शिवाय पोसिलोथेरिया वीज चमकावी तशी पळते, तिच्या अंगावर खाज आणणारे केस नसतात पण चाव्याने स्नायूंना दिवसेंदिवस गोळे येतात. पहिली टॅरंटुला म्हणून ती नको.

घर बदलायचं ठरलं तर मेमध्ये बदलू नका, ऑक्टोबर किंवा फेब्रुवारी बघा. कात टाकून निदान दोन आठवडे झालेले असू द्या, सुळे काळे आणि कडक झाले की तयार समजा. बाथरूममध्ये, मोरीचं तोंड बुजवून, जुना डबा एका मोठ्या पारदर्शक टबात ठेवून उघडा. ती ज्या सालीत बसते ती साल तिच्यासकट उचलून नव्या घरात उभी करा, जुन्या जाळ्यासह. बाहेर निघाली तर पेल्याने झाका, मागून मऊ ब्रशने हळूच पुढे सरकवा, हाताने कधीच नाही. नव्या घरात आठवडाभर खाद्य टाकू नका, फक्त पाणी. दहा-बारा दिवसांत ती वरच्या पानांत जाळं विणायला लागली नाही तर आधी वरची भोकं किती उघडी आहेत ते मोजा, मग मला फोन करा.